तोबरा भरलेलाच राहिला: औषधाचा राग की दुखणं?

सकाळी घोड्याच्या तोंडाला बांधलेली खाण्याची पिशवी, म्हणजे तोबरा, काढायला जावं आणि चंदी (धान्याचा खुराक) जशीच्या तशी दिसावी, याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. एक म्हणजे चंदीत कालवलेल्या औषधाचा वास घोड्याला लागलाय आणि ते त्याला नकोय. दुसरा म्हणजे त्याची अन्नावरची वासनाच उडालीय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: ओठांनी थोडी चाळवाचाळव, एक फुरफुर, मग मान फिरवणं. पहिल्यात आपण युक्ती शोधायची असते, दुसऱ्यात डॉक्टरांना फोन करायचा असतो. मी एकदा दुसऱ्याला पहिलं समजले आणि सबंध सकाळ घालवली, म्हणून हे लिहितेय.

तोबऱ्याकडे कितीही वेळ बघून फरक कळत नाही. औषध न घातलेली मूठभर चंदी दुसऱ्या घमेल्यात, जमल्यास दुसऱ्या माणसाच्या हातून द्यावी आणि शेजारी वाळलं गवत टाकावं. दोन्ही खाल्लं तर राग औषधावरच आहे. घमेलं बदलायचं, कारण घोड्याचं नाक आणि आठवण दोन्ही पक्की असतात. चार दिवस ज्या तोबऱ्यातून कडू पूड आली, तो घासून धुतला तरी त्याला नको वाटतो.

गवतालाही तोंड लावलं नाही, तर बाकी सगळं सोडून आधी लीद बघावी. निरोगी घोडा दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा लीद टाकतो. रात्रीपासून जमीन स्वच्छ असेल, घोडा वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघत असेल, पुढच्या पायाने माती उकरत असेल, तर पोटदुखी धरून चालावं. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी मोजता येते. स्वस्थ उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते आणि अंगाचं तापमान साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट. हे दोन आकडे फोनवर सांगता आले की डॉक्टरांना निघण्याची घाई किती आहे ते कळतं. तोवर बाटलीने तेल पाजू नये. घोड्याला उलटी होत नाही, आणि घशात ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं तर मूळ दुखणं राहतं बाजूला.

सगळ्यात फसवं असतं ते यांच्या मधलं. घोडा गवत खातो, पण औषध नसलेली चंदीही सोडतो. याला लोक नखरा म्हणतात, आणि तिथेच जठरातले व्रण निसटतात. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, पोटात चारा असो वा नसो. वेदनाशामक बरेच दिवस चाललं असेल तर व्रणांची शक्यता आणखी वाढते. म्हणजे जे औषध तो नाकारतोय असं आपण म्हणतो, तेच त्याच्या नकारामागचं दुखणं असू शकतं. दातांचंही तसंच: अर्धवट चावलेले गवताचे गोळे तोंडातून खाली पडत असतील तर दोष औषधाच्या चवीचा नाही.

आमची घोडी पंचगंगेच्या काठच्या एका शेतात असते. अंगाने जड, मानेवर चरबीचा कठीण उंचवटा, बरगड्या दाबून शोधाव्या लागतात. तिला लंगडेपणासाठी पूड सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिने चंदी सोडली. शेजारच्या मामांनी सांगितलं, "आगं, गुळाचा खडा घाल की, गपागपा खाईल बघ." कोल्हापुरात याहून सोपा उपाय कुठला? घातला, आणि तिने खाल्लंही. पंधरवड्याने तिने पुन्हा तोंड फिरवलं तेव्हा मी गूळ वाढवला, मग केळं कुस्करलं, मग भाकरीत पूड दडवली. दुपार व्हायला आली तेव्हा लक्षात आलं की गवताची पेंढी सुटलेलीसुद्धा नाही आणि लीद कालची आहे. आतडं तुंबलं होतं. डॉक्टरांनी नळी घालून ती वाचवली, पण तो उशीर माझाच होता.

त्या दिवशी मनात आणखी एक चूक होती: "एवढी चरबी आहे, एक वेळ उपाशी राहिली तर काय बिघडतं?" बिघडतं. लठ्ठ घोडा, विशेषतः लहान चणीचा, आणि गाढवही, खाणं थांबलं की साठलेली चरबी एकदम रक्तात सोडतो. यकृताला ती आवरत नाही, आणि जीव जाऊ शकतो. म्हणून वजन उतरवायचं असलं तरी चारा तोडायचा नसतो. शरीराच्या वजनाच्या दीड टक्का सुका चारा रोज हवाच: ४०० किलोच्या घोड्याला सहा किलो. कमी करायचं ते धान्य, गूळ आणि हिरव्या चाऱ्याची चैन.

गुळाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे तो प्रेमाने दिला जातो. लठ्ठ घोड्याच्या रक्तात साखरेमागोमाग इन्शुलिन चढतं आणि त्यातून खुराच्या आतला थर सुजतो, म्हणजे लॅमिनायटिस. उसाचं कांडं आणि काकवीही त्याच यादीत. ज्या पायांसाठी औषध द्यायचं, त्यांनाच हा गूळ मारतो.

चवीसाठी मेथी वापरून पाहा. इंग्लंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांना वेगवेगळे स्वाद दिले, तेव्हा मेथी पहिली आली. आपलं जिरंही आवडत्या आठांत होतं. मूठभर भिजवलेला लसूणघास, चिमूटभर मेथीपूड, थोडं पाणी, म्हणजे औषधाची पूड तळाशी न बसता पानांना चिकटते. सगळ्या चाऱ्यात औषध कालवू नये. आधी हा घास, तो संपला की बाकीचं.

पूरक खुराकाला घाई नसते. पाव मात्रेपासून सुरू करून आठवड्याभरात वाढवता येतो, एखादा दिवस चुकला तरी चालतं. औषधाची मात्रा मात्र पूर्ण आणि वेळेवर पोटात जायला हवी, म्हणून तिथे मी घासावर विसंबत नाही. पूड थोड्या पाण्यात आणि किसलेल्या काकडीत कालवते (काही गोळ्या कुटायच्या नसतात, ते आधी विचारून घ्यावं) आणि सुई नसलेल्या मोठ्या तोंडाच्या सिरिंजमध्ये भरते. तोंडात घास नाही ना हे बघायचं, ओठाच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात त्या जागेतून आत घालून जिभेवर मागच्या बाजूला सोडायचं, मान फार वर न उचलता. आठवड्यातून तीन-चारदा त्याच सिरिंजमधून नुसत्या काकडीचा रस देते. आता सिरिंज दिसली की ती स्वतःच ओठ पुढे करते, आणि आज आत काय आहे हे तिला ठाऊक नसतं.