आंतरविभागीय मालमत्ता व्यवस्थापन

आंतरविभागीय मालमत्ता व्यवस्थापन : संस्थेच्या ताब्यातील यंत्रे, इमारती, वाहने, संगणक, जलवाहिन्या इ. मालमत्तेची खरेदीपासून निर्लेखनापर्यंतची (म्हणजे वहीतून कमी करण्यापर्यंतची) नोंद, देखभाल आणि खर्च सर्व विभागांनी मिळून एकाच नोंदीच्या आधारे सांभाळण्याची पद्धत. विभाग आपापल्या वह्या वेगळ्या ठेवतात आणि दुसऱ्याच्या वहीत डोकावत नाहीत, या अवस्थेला व्यवस्थापनशास्त्रात ‘सायलो’ म्हणतात. अमेरिकेत फिल एन्सर यांनी 1988 मध्ये या दोषावर लिहिले. ‘ते आमच्या खात्याकडे येत नाही’ हे उत्तर त्याचे ठळक लक्षण होय.

दोषाचे मूळ आळशीपणात क्वचितच असते. एकाच वस्तूकडे प्रत्येक विभाग वेगळ्या कामासाठी पाहतो. वांद्रे-कुर्ला संकुलातील एखाद्या कंपनीचा लॅपटॉप घ्या. खरेदी विभाग तो ऑर्डर क्रमांकाने ओळखतो, लेखा विभाग मालमत्ता संकेतांकाने, आयटीवाले सिरियल नंबरने, तर मनुष्यबळ विभागाला तो फक्त कर्मचाऱ्याच्या नावापुढे दिसतो. कर्मचारी राजीनामा देतो, ‘नो ड्यूज’च्या कागदावर सह्या होतात, लॅपटॉप आयटीच्या कपाटात जातो. लेखा विभागाच्या वहीत तो अजूनही जुन्या मजल्यावर, जुन्या माणसाकडे असतो. पुढच्या महिन्यात नवी भरती झाली की खरेदी विभाग नवा लॅपटॉप मागवतो. कपाटातल्याची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. भंगारात गेलेल्या यंत्राचा वार्षिक देखभाल करार नूतनीकरण होत राहतो, विम्याचा हप्ताही जातो. असा सगळा घोळ बहुधा कार्यालय हलवताना किंवा लेखापरीक्षक दारात उभा राहिल्यावर उघडा पडतो.

कायद्यानुसार ताळा घेणे आवश्यकच आहे. कंपन्यांच्या लेखापरीक्षक अहवालाविषयीच्या 2020 च्या आदेशानुसार, स्थावर-जंगम मालमत्तेचा तपशील, संख्या आणि ठिकाण यांची नोंद नीट आहे का, तसेच प्रत्यक्ष पडताळणी वाजवी कालावधीने होते का, हे लेखापरीक्षकाला सांगावे लागते. कंपनी कायदा, 2013 च्या दुसऱ्या अनुसूचीत लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य 3 वर्षे, सर्व्हरचे 6 वर्षे धरले आहे. पण हे हिशेबातले आयुष्य झाले. यंत्र खरोखर किती चालेल हे देखभालीच्या माणसाला ठाऊक असते, आणि अंदाजपत्रकाच्या बैठकीला त्याला बहुधा बोलावलेले नसते.

मालमत्ता सार्वजनिक असली की भिंती एका संस्थेपुरत्या राहत नाहीत. मुंबईत अंधेरीचा गोखले पूल हे त्याचे बोलके उदाहरण. 3 जुलै 2018 रोजी या पुलाच्या पादचारी मार्गाचा भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला आणि देखभाल रेल्वेची की महापालिकेची, असा वाद लगेच सुरू झाला. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल पाडण्यासाठी बंद झाला. रेल्वेच्या उंचीच्या नव्या निकषांमुळे नवा पूल जुन्यापेक्षा वर गेला, आणि 26 फेब्रुवारी 2024 रोजी त्याची एक बाजू सुरू झाली तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जोडलेलाच नव्हता. दोहोंच्या पातळीत माणसाच्या उंचीच्या आसपास फरक. अखेर बर्फीवाला पूलच जॅक लावून एका बाजूने सुमारे 1.4 मीटर आणि दुसऱ्या बाजूने 65 सेंटिमीटर उचलण्यात आला. 4 जुलै 2024 रोजी जोडणीवरून वाहतूक सुरू झाली. अभियांत्रिकी म्हणून हे काम वाखाणण्याजोगे, पण त्याची वेळ यायला नको होती. नव्याने केलेल्या रस्त्यावर जलवाहिनी किंवा केबलसाठी पुन्हा चर खणले जातात, तेही याच रोगाचे छोटे आणि रोजचे रूप.

उपायांचा आंतरराष्ट्रीय आधार म्हणजे मालमत्ता व्यवस्थापनाच्या मानकांची आयएसओ 55000 मालिका. ब्रिटनमधील 2004 च्या ‘पास 55’ या विनिर्देशातून ती उगवली आणि जानेवारी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील 2019 चा 55010 हा दस्तऐवज तर खास आर्थिक आणि बिगर-आर्थिक विभागांचा मेळ कसा घालावा यावरच आहे. व्यवहारात पहिली पायरी साधी असते : प्रत्येक वस्तूला सर्व विभागांत चालणारा एकच क्रमांक, आणि त्याच्यासमोर एका जबाबदार व्यक्तीचे नाव. बारकोड किंवा आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचता येणारे) टॅग नंतर येतात. हा क्रम उलटा करून आधी महागडे सॉफ्टवेअर घेणाऱ्या संस्थांत पूर्वी चार वह्या जुळत नसत, आता चार एक्सेल फायली जुळत नाहीत.

सर्वांत जास्त गळती हस्तांतरणाच्या वेळी होते, म्हणून गेटपास, बदली आणि निर्लेखन या तीन प्रसंगी दोन्ही बाजूंच्या सह्यांशिवाय नोंद पुढे सरकू न देणे फायद्याचे ठरते. विभागप्रमुखाचे मूल्यमापन केवळ त्याच्या स्वतःच्या खर्चावर होत असेल, तर ही शिस्त टिकत नाही : स्वस्त पंप घेतल्याची शाबासकी खरेदीला मिळते आणि दुरुस्तीचे बिल देखभालीच्या माथी येते. खरेदीची किंमत, वीज, दुरुस्ती आणि विल्हेवाट यांची एकत्र बेरीज, म्हणजे जीवनचक्र खर्च, दोघांपुढे एकाच वेळी मांडला तरच निर्णय बदलतो. विल्हेवाटीतही हाच समन्वय लागतो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांमुळे मोठ्या वापरकर्त्यांना जुनी उपकरणे नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यावी लागतात. त्यासाठी आयटीने डिस्कवरील माहिती पुसल्याचा दाखला, लेखा विभागाचा निर्लेखन आदेश आणि भांडाराची जावक नोंद यांवर वस्तूचा तोच क्रमांक असावा लागतो.