वानवळा (बेळगाव सीमाभाग)

वानवळा म्हणजे शेतात नवीन निघालेल्या मालातला थोडा भाग, बाजारात जायच्या आधी शेजाऱ्यांना, पाव्हण्यांना आणि ज्यांच्या घरी शेत नाही त्यांना दिलेला. कोणी वानोळा म्हणतं, कोणी वानुळा, बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात सगळंच ऐकायला येतं. त्याचे पैसे नसतात, वजन नसतं, आणि ते उसनंही नव्हे, कारण उसनं परत करावं लागतं. भीक तर अजिबात नव्हे. लोक हल्ली याला सरळ दान म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

काय देतात ते हंगामावर. पावसाळ्यात काकड्या, दोडके, मक्याची कणसं, मग ओल्या शेंगा, दिवाळीच्या आसपास भाताची मळणी झाली की सूपभर नवे तांदूळ, नाहीतर नव्या भाताचे पोहे. भात निघाल्यावर येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या काळ्या शिवारात उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात, त्याच्या ओल्या शेंगा आणि हरभऱ्याचे डहाळे जानेवारीत गल्लीत फिरतात. संक्रांतीला बायका सुगडात गाजर, ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे घालून वाण देतात, तोही याचाच भाऊबंद समजा. निपाणी-चिकोडीकडं ऊस जास्त, त्यामुळं तिकडं वानवळ्यात गुळाची ढेप नाहीतर काकवी, आणि गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला रस न पाजता पाठवायचं नाही ही जुनी रीत.

पण बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात वानवळा म्हटलं की आधी रताळीच आठवतात. बेळगुंदी, उचगाव या बाजूच्या लाल मातीत पावसात वेल लावतात आणि नवरात्राच्या पुढं काढणी सुरू होते, उपवासामुळं तेव्हा मागणी असते, ट्रक भरभरून माल बाहेरच्या राज्यांतसुद्धा जातो. काढताना कितीही सांभाळलं तरी काही रताळी तुटतात, चिरतात, ती दलाल घेत नाही. आता कुणालाही वाटेल की हीच तुटकी शेजाऱ्याला देत असतील. तसं नाही. आमच्या आजीचा नियम होता की तुटकी आपल्या घरात शिजवायची आणि वानवळ्याच्या बुट्टीत (टोपलीत) अखंड, एकसारखी, माती झाडलेली घालायची. दारात जाऊन ती एवढंच म्हणायची, "अक्का, आज रताळी काढलोय, पोरांना उकडून घाल की." यात घेणाऱ्याला काही मागावं लागत नाही, आपली अडचण सांगावी लागत नाही. शेतात माल निघाला ही बातमी, आणि त्या बातमीबरोबर बुट्टी आली, बस.

बुट्टी किंवा भांडं रिकामं परत देत नाहीत. घेणारीकडं काही नसलं तरी चिमूटभर साखर, चार मिरच्या, परड्यातली कढीलिंबाची डहाळी, काहीतरी टाकून देते. माझ्या मते सगळ्या रिवाजात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण त्या चार मिरच्यांमुळं दोघी बरोबरीच्या होतात आणि पुढच्या वेळी दार उघडताना मान खाली जात नाही.

याच्या शेजारची दुसरी रीत म्हणजे सरवा. पीक काढून झालं की शेतात राहिलेली कणसं, मातीत राहिलेल्या शेंगा, रताळी वेचून न्यायला भूमिहीन बायका-पोरांना मोकळीक असते, मालक हाकलत नाही. वानवळा दारात येतो, सरव्यासाठी मात्र उन्हात वाकावं लागतं, हा फरक विसरता येत नाही. शिवाय आता मशीननं काढणी झाली की लगेच ट्रॅक्टर लावून रान मोकळं करतात, मग सरवा वेचायला दोन दिवससुद्धा मिळत नाहीत.

खरं ते सांगायला पाहिजे, वानवळा सगळ्यांपर्यंत कधीच पोचत नव्हता. तो भावकीत फिरायचा, ओळखीच्या गल्लीत फिरायचा, आणि गावाबाहेरच्या वस्तीला जे मिळायचं ते खळ्यावर, बलुतं म्हणून, तेही वर्षभराच्या कामाचा मोबदला असून उपकार केल्यासारखं. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्याच्या घरून परत आलेलं भांडं घरात कसं घेणार, म्हणून तिथं वानवळा जातच नव्हता. रिवाजाचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

आज ताज्या भाजीची अडचण कुणाला आहे तर वडगाव, शहापूर, खासबागच्या विणकरांना, ज्यांचं मागावरचं काम मंदीत थांबतं, निपाणीच्या विडी कामगार बायकांना, आणि बाहेरून येऊन बांधकामावर राबणाऱ्या, भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांना. रेशन आहे, नाही असं नाही. कर्नाटकात जुलै २०१३ पासून रेशनवर तांदूळ देणारी अन्नभाग्य योजना आहे, मधे जुलै २०२३ पासून जादा ५ किलो तांदळाऐवजी किलोला ३४ रुपयांप्रमाणे माणशी १७० रुपये खात्यावर यायला लागले होते. पण रेशन दुकानात मेथीची पेंडी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाजी खावी म्हणते, म्हणजे पाच जणांच्या घरात रोज २ किलो, आणि रोजंदारीवरचं घर ती २ किलो विकत आणत नाही हे कुठल्याही भाजीवालीला विचारा. विशेष म्हणजे बेळगावची भाजी रोज चोर्ला घाटातून गोव्याला जाते, कोबी, फ्लॉवर, गाजर, ढबू मिरची, आणि शिवाराला लागून असलेल्या गल्लीत भात आणि पातळ आमटीवर दिवस निघतो. निपाणीकडं आणखी वेगळंच, तिथल्या चांगल्या रानात तंबाखू, भाव पडले की शेतकरीच अडचणीत (१९८१चं तंबाखू आंदोलन त्यातूनच झालं), आणि तंबाखूचा वानवळा काही ताटात वाढता येत नाही.

ऑगस्ट २०१९च्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा चढल्या आणि कायम देणारी घरं घेणारी झाली. पाणी न शिरलेल्या गावांतून भाकऱ्या, चटणी, तांदूळ गेला, मराठी-कन्नड कुणी बघितलं नाही. पुढं २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, आठवडी बाजार बंद, गोव्याकडं जाणाऱ्या मालाचे हाल, कोबी-फ्लॉवर रानातच फुटायला लागला. काहींनी रोटर मारून पीक मातीत गाडलं, काहींनी मात्र टेम्पो भरून गल्लोगल्ली फुकट वाटला आणि कित्येक भाडेकरू घरांत शेतावरची भाजी तेव्हा पहिल्यांदा गेली असेल. त्याच काळात नाक्यावर अडवाअडवी असल्यामुळं महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या बहिणीचा वानवळा हद्दीवरच्या शिनोळीच्या अलीकडं येऊ शकला नाही, हे सीमेवरच राहणाऱ्यांना कळेल. एरवी बांध ओलांडला की राज्य बदलतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

वानवळा आता कमी झालाय, कारण शिवारच कमी झालंय. प्लॉट पडले, बायपासला जमिनी गेल्या, बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात पिकात उभं राहतं. तरी काही जण शाळेच्या अक्षर दासोहच्या (दुपारच्या जेवणाच्या) स्वयंपाकाला नाहीतर अंगणवाडीला थेट भाजी नेऊन देतात, ते चांगलं आहे, मुलांच्या पोटात जातं. घरोघरी द्यायचं असेल तर काही गोष्टी अनुभवानं सांगतो. पालेभाजी काढली त्याच संध्याकाळी पोचली पाहिजे, एका खोलीच्या घरात फ्रीज नसतो. पोतंभर कोबी एका घरी टाकण्यापेक्षा दहा घरी एकेक गड्डा. रताळी, गाजर, भोपळा टिकतात, ते आठवड्याला पुरतील असे द्या. फोटो काढू नका, कुणाच्याही दारात काढू नका. आणि पहिल्यांदा जाताना गल्लीतल्या एखाद्या वयस्क बाईला बरोबर घ्या, ती कुणाच्या घरात चूल पेटली नाही हे न विचारता ओळखते, आणि भांडं रिकामं परत येऊ नये याचीही काळजी तीच घेते.