सोनं सॅक्रामेंटोत सापडलंच नव्हतं

कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. तिथल्या सटर्स फोर्ट या जुन्या किल्ल्यासमोर फोटो काढून ‘सोनं इथंच सापडलं’ असं बरेच जण बिनदिक्कत ठोकून देतात. साफ चूक! ‘गोल्ड रश’ म्हणजे सोन्यासाठीची झुंबड ज्यामुळे उडाली, ते सोनं 24 जानेवारी 1848 रोजी सुतार जेम्स मार्शलला दिसलं कोलोमा गावात, अमेरिकन नदीकाठी. आज गाडीनं तासाभराच्या वाटेवर. किल्ल्याचा मालक जॉन सटर याच्यासाठी लाकूड कापायची गिरणी उभी राहत होती, तिचं पाणी वाहून जायच्या चरात पिवळे कण चमकले. मार्शल ते घेऊन किल्ल्यावर आला आणि तिथं त्यानं आणि सटरनं तेजाबानं पारख केली. घोळ बहुधा इथलाच. बिचाऱ्या सटरला सोनं लाभलंच नाही: माणसं सोन्यामागे पळाली, जमिनी उपऱ्यांनी बळकावल्या. किल्ला जरूर पाहा, पण सोन्याची जागा बघायची तर कोलोमाच गाठा.