सदस्यच ठेकेदार असेल तर: अपात्रतेचा अर्ज कुठे आणि कसा करायचा

गटाराचं काम कागदावर मेहुण्याचं, पण सिमेंटची गाडी उतरवून घ्यायला सदस्य स्वतः हजर. अशी कुजबुज पारावर रोज होते, अर्ज मात्र कुणी करत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14(1)(ग) प्रमाणे ग्रामपंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो. सरपंचही यातून सुटत नाही.

अर्ज कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. तो कोणीही करू शकतो. ग्रामसेवक किंवा बीडीओंकडे तक्रार देऊन सदस्यत्व जात नाही. इथेच अनेकांची वर्षं वाया जातात.

खरी मेहनत कागदांची. माहिती अधिकारात 10 रुपये भरून कामाचा ठराव, दरपत्रकं, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, बिलं आणि रोकडवहीच्या (नमुना 5) प्रती मागा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. ठरावाच्या सभेला तो सदस्य हजर होता का, सूचक-अनुमोदक कोण, हेही पाहा. बिलावर ‘अमुक ट्रेडर्स’ एवढंच असेल तर खालचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाका. एकट्याच्या मालकीची फर्म असली की दुकानाच्या नावाशेजारी मालकाचं नाव दिसतं. कधी कधी सगळं प्रकरण तिथेच उघडं पडतं!

नुसतं नातं दाखवून भागत नाही, हितसंबंध दाखवावा लागतो: संयुक्त बँक खातं, भागीदारी पत्र, सदस्याच्या खात्यात वळलेली रक्कम. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या कंत्राटावरून गोव्यातल्या एका पंचायत सदस्याला अपात्र ठरवलं. तो निकाल सगळे जोडतात, जरूर जोडा. पण तिथे पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरणारा गोव्याचा नागरी कायदाही विचारात घेतला गेला होता. आपल्याकडे भावाच्या किंवा मेहुण्याच्या प्रकरणात तेवढ्यावर विसंबू नका. आणि कंत्राट घेणाऱ्या कंपनीचे चार शेअर नावावर आहेत, एवढ्याने कोणी अपात्र होत नाही.

अर्जात काम, रक्कम, तारखा नेमक्या लिहा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोहोच घ्या. निर्णय शक्यतो 60 दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो. त्यातला ‘शक्यतो’ बराच लांबतो. सदस्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश होत नाही आणि तोवर तो पदावरच राहतो. आदेशाविरुद्ध अपिलाला मात्र 15 दिवसच मिळतात, तेही आदेशाच्या तारखेपासून. म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज देऊन या.