रिकाम्या चॅनेलवर दीड व्होल्ट

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावी एप्रिलात काजूची भट्टी लागते. भाचीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) काढायच्या तांब्याच्या भाणाला थर्मोकपल, म्हणजे तापमानानुसार व्होल्टेज देणारी दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारांची जोडी, चिकटवलं, त्याच्या तारा व्होल्टेज मोजून आकडे देणाऱ्या डेटा ॲक्विझिशन कार्डात खोचल्या आणि कार्ड लॅपटॉपला जोडलं. पडद्यावर तापमान कधी ३०, कधी दीडशे. मधलं काहीच नाही.

"मामा, कार्ड गेलं. मल्टिमीटर मात्र नीट दाखवतोय."

कारखान्यांतली मीटरं दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. कार्ड जातं, पण क्वचित. बहुतेक वेळा ते विचारलं तेवढंच सांगत असतं. विचारण्यात चूक असते. व्होल्टेज हे एका जागेचं नसतंच, दोन जागांमधलं असतं, आणि दुसरी जागा कोणती हे माणूस विसरतो.

आधी भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढला नि कार्डाच्या पहिल्या चॅनेलला, म्हणजे तारा जोडायच्या पहिल्या जागेला, लावला. १.५ व्होल्ट. म्हणजे कार्ड शाबूत. पण शेजारच्या चॅनेलला काहीच जोडलेलं नव्हतं आणि तिथेही जवळजवळ दीड व्होल्ट! भाचीचा चेहरा बघण्यासारखा झाला.

अशा कार्डात चॅनेल आठ किंवा सोळा असले तरी मोजणारा भाग बहुधा एकच असतो. मल्टिप्लेक्सर नावाचा स्विच त्याला एकेका चॅनेलवर फिरवतो. एकाच पळीने आधी आमटी वाढली आणि न धुता खिरीत घातली, तर खिरीला आमटीचा वास येणारच. इथे पळीला चिकटतो तो विद्युतभार. चॅनेलवर खरा सेन्सर असला की तो हा भार क्षणात निपटून टाकतो. रिकाम्या तारेवर निपटणारं कोणीच नसतं. म्हणून न वापरलेले चॅनेल ग्राउंडला, म्हणजे कार्डाच्या शून्य व्होल्टच्या टोकाला, जोडून टाकावेत. सेन्सरचा स्वतःचा रोध फार असेल तर दोन चॅनेलांच्या मध्ये कार्डाला जरा दम घेऊ द्यावा.

आता ३० आणि दीडशेचं कोडं. कार्ड १२ बिटचं, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांचं, आणि मोजायचा पट्टा -१० ते +१० व्होल्ट. हे २० व्होल्ट तेवढ्या पायऱ्यांत वाटले की एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची होते. के प्रकारचं थर्मोकपल एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं. भागून पाहा: एक पायरी म्हणजे ११९ अंश! पोत्याच्या काट्यावर केशर तोलण्यातला प्रकार. भाचीच्या प्रोग्रॅममध्ये हवेचे ३० अंश मिळवलेले होते, म्हणून पडद्यावर एक तर ३० नाही तर १४९. मल्टिमीटर मिलिव्होल्टच्या पट्ट्यावर होता, एवढंच त्याचं शहाणपण. सेटिंगमध्ये पट्टा ±१०० मिलिव्होल्ट केला आणि पायरी सव्वा अंशावर आली.

मग खरी गंमत सुरू झाली. आकडा अर्ध्या मिनिटात हळूहळू चढायचा, तसाच उतरायचा. "जाळ कमीजास्त होतोय," भाची म्हणाली. मलाही क्षणभर पटलं. पण लॅपटॉपचा चार्जर काढला आणि लाट गायब. चूल तशीच पेटलेली.

चार्जर दोन पिनांचा होता. अशा चार्जरवर असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की कधी कधी मुंग्या येतात, कारण त्यातून घरच्या विजेचा किंचित प्रवाह झिरपत असतो. इथे त्याला थर्मोकपलची तार, तांब्याचं भाण आणि खालची ओली माती अशी वाट मिळाली होती. पण ही वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, मग पडद्यावर अर्ध्या मिनिटाची संथ लाट कुठून आली?

भाची सेकंदाला १० नोंदी घेत होती. दोन नोंदींच्या मध्ये विजेचे बरोबर पाच हेलकावे होतात, म्हणजे प्रत्येक नोंद हेलकाव्याच्या त्याच टप्प्यावर पडते. वारंवारता ५० ऐवजी ५०.०३ झाली की तो टप्पा कणाकणाने सरकतो आणि ३३ सेकंदांची खोटी लाट उमटते. चार्जर पुन्हा लावून सेकंदाला ११ नोंदी घ्यायला सांगितल्या. लाट लगेच थरथरीत बदलली. चुलीतल्या जाळाला आपण किती नोंदी घेतो याचं सोयरसुतक नसतं.

उपाय दोन केले. थर्मोकपल डिफरन्शियल पद्धतीने जोडलं, म्हणजे कार्ड त्याच्या दोन तारांमधलाच फरक मोजेल. आणि सेकंदाला हजार नोंदी घेऊन वीस-वीसची सरासरी काढली; २० मिलिसेकंदांत विजेचा एक पूर्ण हेलकावा बसतो, वरखाल आपोआप फिटते. (भाण जमिनीवर होतं म्हणून निभावलं. सेन्सर अधांतरी असता, तर त्याच्या ऋण तारेपासून कार्डाच्या ग्राउंडला १० ते १०० किलोओहमचा रेझिस्टर लावावा लागला असता, नाही तर आकडा भरकटत पट्ट्याच्या टोकाला जाऊन चिकटतो.)

तरी उकळत्या पाण्यात थर्मोकपल बुडवलं तेव्हा आकडा ८८. बारा अंश गेले कुठे?

थॉमस झेबेकने १८२१ मध्ये जो परिणाम दाखवला तो मुळात दोन टोकांच्या तापमानांतल्या फरकाचा. थर्मोकपल पाण्याचं तापमान सांगत नाही; पाणी आणि तारांचं दुसरं टोक यांतला फरक सांगतं. दुसरं टोक ३० अंशांवर आहे असं भाचीने धरलं होतं. मी कार्डाजवळ हात नेला, ते गारच होतं.

"तार पुरली कशी गं इथवर?"

"नाही पुरली मामा, घंटीची वायर जोडली."

घंटीची वायर साधी तांब्याची. थर्मोकपलचा मिश्रधातू जिथे संपला तेच त्याचं दुसरं टोक, आणि तो जोड काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून चुलीच्या दगडाला टेकून ठेवलेला होता.