शेजारच्या खुर्चीतला हशा

तिकीट काढण्याआधी मी जरा हुशारी केली. सोलापुरातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये काही हौशी मंडळी रविवारी सकाळी विनोदी मूकपट दाखवणार होती. पैसे वाया जायला नकोत म्हणून आदल्या रात्री त्यातला एक तुकडा मोबाईलवर बघून घेतला. बस्टर कीटन या अमेरिकी विनोदी नटाचा, १९२८ सालचा. वादळात सापडलेला माणूस रस्त्यावर उभा आहे. मागच्या घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि वरची उघडी खिडकी नेमकी त्याच्याभोवतीच येऊन पडते. माणूस जिथल्या तिथं उभा. भिंत खरी होती, जड होती आणि खिडकीची चौकट त्याच्या खांद्यांपासून काही इंचांवरून गेली होती. मी "भारी आहे" म्हटलं आणि अंगठ्यानं पुढं सरकवलं. हसू काही आलं नाही.

रविवारी तेच दृश्य आलं. भिंत कलायला लागली तसा हॉलमधून "आईऽऽ" उमटलं, भिंत पडली, क्षणभर सगळं चिडीचूप आणि मग जो हशा फुटला त्यात मी डोळे पुसत होतो. शेजारी माझा मित्र श्रीशैल, दुखरी दाढ हातानं दाबून हसत होता. "एवढं काय हसालास बे? काल तर हसूच आलं नाही म्हणलास की!"

त्याचा मुद्दा बरोबर होता. दृश्य तेच, बघणारा तोच. बदलली होती फक्त शेजारची खुर्ची.

अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याचा अभ्यास प्रयोगशाळेबाहेर नेला. मॉलमध्ये, रस्त्यावर लोकांच्या गप्पा ऐकत त्यांनी हसण्याचे १२०० प्रसंग टिपले. त्यातले विनोद म्हणावेत असे निघाले जेमतेम १० ते २० टक्के. बाकी सगळं "बरं, येतो मग" छापाच्या बोलण्यावरचं हसू. विद्यार्थ्यांना रोजनिशी ठेवायला लावल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. टीव्ही, पुस्तक अशी सोबत वगळली तर माणूस एकट्यानं हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो.

हसू लागण कशी करतं, याचा एक धागा लंडनमध्ये मेंदूशास्त्रज्ञ सोफी स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००६ मध्ये सापडला. नुसता हसण्याचा आवाज कानावर पडला तरी ऐकणाऱ्याच्या मेंदूतला, चेहऱ्याच्या स्नायूंची तयारी करणारा भाग जागा होतो. म्हणजे विनोद कळायच्या आधीच तोंड हसायच्या तयारीला लागलेलं असतं. मागच्या रांगेतले काका उगाच हसतात असं आपल्याला वाटतं, पण ते आपलं अर्धं काम करून देत असतात.

आणि भिंत पडल्यावर हसू का यावं, रडू का नाही? यावर मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांचं एक अनुमान मला आवडतं. धोका आला असं वाटलं आणि तो खोटा निघाला, की बाकीच्या कळपाला "घाबरू नका, काही नाही" हे कळवायचा आवाज म्हणजे हसू. हे पुरतं सिद्ध झालेलं नाही, पण कळवायला कोणी नसेल तर हसायचं कोणासाठी, हे मोबाईलच्या प्रसंगाला चपखल बसतं.

सुरुवातीला एक गोंधळ झाला तो सांगायला हवा. पहिला लघुपट भरधाव सुटला, सगळे मुंग्यांसारखे पळताहेत. मूकपटांच्या काळी कॅमेरा हातानं फिरवायचे. सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला फितीवरची आठ चित्रं म्हणजे आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला साधारण १६ चौकटी. बोलपट आल्यावर वेग २४ ठरला. जुनी फीत त्या वेगानं चालवली की सगळं दीडपट पळतं. विनोदी चित्रपटवाले तर मुद्दाम हँडल सावकाश फिरवायचे, की पडद्यावर धांदल दिसावी.

पण नुसती घाई झाली म्हणून हसू येतं का? हिशोब करून बघा. वेळ दीडपट आखडली की पडणाऱ्या वस्तूचा प्रवेग दीडाचा वर्ग, म्हणजे सव्वादोन पट वाटतो. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तर बदलत नाही. मग इतक्या झटकन कोण कोसळतं? जे सव्वादोन पट बुटकं आहे ते, त्याला पडायला अंतरच कमी. साडेपाच फुटी माणूस अडीच फुटी बाहुलीसारखा आपटतो आणि बाहुलीला लागलं म्हणून कोण हळहळतं? हा शेवटचा निष्कर्ष माझा, त्यावर कोणी पैज लावू नये.

आमचा मित्र व्यंकटेश वडिलांना घेऊन आला होता. तीस वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस, घरी तेलुगू बोलणारा. कारखान्यात मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकूच येत नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर आणि भुवयांवर. पडद्यावर मुकादम डोळे वटारतो आणि नायक खुणेनं "दोनच मिनिटं" म्हणतो, तेव्हा ते आम्हा सगळ्यांच्या आधी हसले. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांच्या या गावात मूकपटाला भाषांतराची गरज पडली नाही.

आता श्रीशैलची दाढ. हसणं म्हणजे छातीच्या स्नायूंनी हवा तुकड्यातुकड्यानं बाहेर ढकलणं. एक 'हा' सुमारे ७५ मिलिसेकंदांचा, आणि दर २१० मिलिसेकंदांनी पुढचा. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबर यांच्या गटानं लोकांना विनोदी फिती दाखवल्या, मग हातावर गोठवलेलं थंडगार वेष्टण ठेवलं किंवा रक्तदाबाची पट्टी आवळली. खळखळून हसलेल्यांनी दुखणं जास्त सोसलं. हसण्याच्या श्रमानं शरीर स्वतःचं वेदनाशामक, एंडॉर्फिन, सोडत असावं हा त्यांचा तर्क. पुढं २०१७ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी १२ पुरुषांना मित्रांबरोबर हसवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा तिथं अशी द्रव्यं सुटल्याची खूण मिळाली.

श्रीशैलनं मध्यंतरानंतर गालाला हात लावला नव्हता. आमचा नमुना एकच, त्यामुळं याला प्रयोग म्हणता येणार नाही. बाहेर आलो, टपरीवर पाच कटिंग सांगितले. त्यानं वाफाळत्या चहाचा पहिला घोट घेतला आणि गाल धरून मटकन खाली बसला. आम्ही चौघं पुन्हा हसलो.