रक्तदाबाच्या गोळ्यांचा सुरक्षित वापर (खान्देश)

वेगवेगळ्या दिवशी मोजूनही रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, की उच्च रक्तदाबाचे निदान करतात. त्यावरची अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, क्लोरथॅलिडोन ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची असून बहुधा कायमची चालतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत मात्र उन्हाळा सोडून त्यांचा विचार करता येत नाही.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उष्म्याने रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जाते. थंडीत बेताचा असलेला डोस अशा वेळी जड होऊ शकतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची खूण. चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघणाऱ्यांनी डोसाचे आधीच विचारून घ्यावे. जुलाब-उलट्या लागल्यास टेल्मिसार्टन, एनालाप्रिल किंवा लघवी वाढवणारी गोळी (क्लोरथॅलिडोन) मूत्रपिंडाला बाधू शकते. ती थोडे दिवस थांबवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी सोडणे धोक्याचे. अटेनोलोल ही रक्तदाबाचीच गोळी एकाएकी तोडल्यास दाब उसळतो, हृदयविकार असलेल्याच्या छातीतही दुखू लागते. एखादी वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नयेत.

‘बीपीच्या गोळीने किडनी जाते’ ही भीती गावोगाव ऐकू येते. भ्यायला हवे ते कापूसवेचणीच्या दिवसांत अंगदुखीवर परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनला: त्या दाब वाढवतात आणि वरील औषधांसोबत मूत्रपिंडावर खरोखरच ताण आणतात.

रावेर-यावल पट्ट्यात हमखास निघणारा प्रश्न केळ्याचा. मूत्रपिंडे धड असतील तर केळे वर्ज्य नाही. ती कमजोर असून टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल चालू असल्यास केळ्याने रक्तातले पोटॅशियम धोकादायक वाढू शकते. कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियम असते, म्हणून त्यालाही हेच लागू. उडदाचे पापड आणि लोणचे यांतले मीठ मात्र सगळ्यांनाच नडते.

एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो आणि तो धुळीच्या नावावर खपतो. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात. दोन्हींवर पर्याय आहेत. गरोदरपणात एनालाप्रिल व टेल्मिसार्टन चालत नाहीत, म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना गाठून औषध बदलून घ्यावे.

सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पुरेसा साठा आणि चिठ्ठी सोबत घ्यावी, आणि गोळ्या तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवू नयेत.